खजिनदाराच्या तोंडाची हकीकत

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरच गोड मानून घे. प्रत्यक्ष साष्टांग घालायचं मी हल्ली सोडलं आहे. या घरात कुणीही जमिनीच्या जवळ आलं की तुझा कुत्रा तोंडाला तोंड लावून खुशाली विचारायला येतो, आणि मग त्या माणसाला धरून उठवावं लागतं.) तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? आपल्या आत्याचं गुडघ्याचं मलम या पत्रासोबत डब्यातून पाठवतो आहे. डबा तुझा तूच उघड, आणि खोलीचं दार लावून उघड, कारण त्या मलमाला किती उग्र वास येतो ते तुला ठाऊक आहे. जावईबापूंना माझा विशेष नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस, कारण हा विषय मुळात त्यांच्या नाकापासून सुरू झाला आहे. (रागावू नका, जावईबापू. तुमच्या नाकाबद्दल आता आमच्या घरात फार आदर आहे.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. ही बरी आहे, म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असली की बरी असते. मी बरा आहे, म्हणजे थकलो आहे, पण त्यासाठी वेगळा शब्द शोधायचाही कंटाळा आला आहे.

तुझं पत्र मिळालं. तिथे सगळं छान आहे हे वाचून आनंद झाला. (तीन ठिकाणी लिहिलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं.) तुला गॅलरीला लागून खोली दिली आहे, इकडची काडी तिकडे करू देत नाहीत, चहासुद्धा आयता हातात येतो, सगळं वाचलं. तुझा हरवलेला हातमोजा इथे राहिला का म्हणून विचारलं आहेस, तर तो अजून मिळालेला नाही. आणि शेवटी, अगदी शेवटी, सही करायच्या आधी विचारलं आहेस की खजिनदाराचं तोंड कसं आहे. याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण इतका छळ एका शब्दात उरकला तर तो फुकट गेल्यासारखं वाटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

तुला सगळं माहीत असलं तरी पहिल्यापासून सांगतो, कारण जावईबापू ऐकत आहेत आणि त्यांना त्यांच्या गुडघ्यापुढचीच गोष्ट माहीत आहे. भावोजींनी हा कुत्रा आणला तेव्हा तो त्यांच्या टोपीत मावत होता. पहिल्याच आठवड्यात त्याने कपाटाची किल्ली, साबणाची वडी आणि भावोजींचा दाढीचा ब्रश पळवला आणि पलंगाखाली नीट रचून ठेवला, म्हणून भावोजींनी त्याचं नाव खजिनदार ठेवलं. मिळालेली वस्तू तो खात नाही, फाडत नाही, फक्त ठेवून देतो. (हे मला मध्यंतरी आठवायला हवं होतं.) भावोजी गेल्यावर तू घर आवरलंस आणि लेकीकडे राहायला गेलीस, सोबत हाही आला. पहिल्याच संध्याकाळी त्याने जेवणाच्या टेबलाखालून जावईबापूंच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि मनापासून जांभई दिली. जावईबापू सभ्य गृहस्थ आहेत. ते फक्त जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं की तोंडाचा वास गेला की कुत्र्याला खुशाल आणा, आणि नाहीच गेला तर शहराबाहेर म्हाताऱ्या कुत्र्यांना सांभाळणारी एक चांगली संस्था आहे. मग तू त्याला घेऊन माझ्याकडे आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि जाताना बजावून गेलीस की उन्हाळा संपेपर्यंत याचं तोंड बरं कर, नाहीतर मी त्याला त्या संस्थेत देईन, पण धाकट्या भावाच्या गळ्यात कायमचं लोढणं अडकवणार नाही. (ज्याचा गळा त्याला कुणी विचारलं नाही.)

वर तुझी अट. जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचं नाही. कारण डॉक्टर म्हणणार तोंड बघू, तोंड बघायला भूल द्यावी लागणार, आणि भूल या शब्दापाशी आपल्याकडे बोलणं थांबतं. भावोजी छोटंसं ऑपरेशन आहे, चारच्या चहाला घरी येतो म्हणून गेले आणि भुलीतून उठले नाहीत. तेव्हापासून तू दात काढायलासुद्धा भूल घेतली नाहीस, हे आमच्या दातांच्या डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं, आणि ते सांगताना त्यांनाच घाम फुटला होता. तेव्हा मी तुझी अट मुकाट्याने मान्य केली. इलाज करायचा तो आत्याच्या पद्धतीने, पाल्याने आणि मुळांनी, असं ठरलं.

जावईबापूंना आमची आत्या माहीत नाही, हे त्यांचं नशीब. आमच्या लहानपणी घरात कुणाला काहीही झालं तरी आत्या परसात जायची आणि दिसेल ते उपटून, वाटून, उकळून आणायची. तिचं औषध एकदा घेतलं की माणूस लगेच म्हणायचा, आता बरं वाटतंय. ताप तसाच असायचा, पोट तसंच दुखत असायचं, पण बरं वाटतंय म्हटलं नाही तर दुसरा डोस यायचा. मी आणि तू तिच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवायचो. त्यामुळे आत्याच्या हातचा एकही रोगी कधी बिघडला नाही, निदान त्याने तसं तोंडावर आणलं नाही, आणि तिची कीर्ती आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरली.

लोकांना वाटतं, हा माणूस दातांच्या धंद्यातला, याला कुत्र्याचं तोंड काय कठीण? त्यांना समजावून समजावून माझं तोंड दुखलं. अहो, मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घेतात आणि त्यावरून ओतलेला प्लास्टरचा जबडा माझ्या टेबलावर येतो. तो पांढरा असतो, कोरडा असतो, त्याच्या बुडाला नंबर लिहिलेला असतो आणि तो श्वास घेत नाही. मला तोंडं आवडतात ती या कारणासाठी. उभ्या आयुष्यात मी कुणाच्या जिवंत तोंडात वाकून पाहिलेलं नाही (हिच्याही नाही, तिला विचार). तरी खजिनदाराच्या बाबतीत प्रयत्न करून पाहिला. मी ओठाला हात लावला की तो जबडा घट्ट मिटतो आणि माझ्याकडे असं बघतो, जणू मी त्याचा खिसा कापायला आलो आहे.

तर पहिला उपाय पुदिना. बारीक चिरून जेवणात मिसळायचा, असं तू फोनवर सांगितलंस. ही चिरून चिरून दमली. खजिनदाराने जेवण चाटूनपुसून साफ केलं आणि पुदिन्याचं पान न् पान वाटीच्या काठावर काढून ठेवलं. मी माणसांचे दात चपखल बसवतो, पण असं नाजूक काम मलाही जमलं नसतं. मग पुदिना वाटून त्याच्या गोळ्या केल्या आणि हातावर ठेवून दिल्या, त्या त्याने मुकाट्याने तोंडात घेतल्या आणि शेपूट हलवत बाहेर गेला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. पुढचे कित्येक दिवस घराला पुदिन्याचाही वास यायचा आणि खजिनदाराचाही. मूळ वास तसूभर हलला नव्हता, त्याला फक्त सोबत मिळाली होती.

दुसरा उपाय बडीशेप. उकळून, गाळून, गार करून तिचं पाणी प्यायच्या भांड्यात घालायचं. हे मात्र तो आवडीने प्यायला, इतकं की भांडं उलटं करून बघायचा. तोंडात काही फरक पडला नाही. बडीशेपेने तोंडाच्या वाटेला न जाता पोटाचं काम हाती घेतलं, आणि ते फारच जोमाने केलं. त्या आठवड्यात घरात दोन प्रकारचे वास होते आणि ते आळीपाळीने यायचे. ही म्हणाली, वन्संना लिहा की एक तरी परत घेऊन जा. मी कामाच्या खोलीत पंखा लावून बसलो, तर प्लास्टरची भुकटी उडून माझे केस अकाली पांढरे झाले. (ते आधीच होते, पण आता कारण सांगता येतं.)

तिसरा हळदीचा. आत्या हिरड्यांना हळद आणि खोबरेल तेल चोळायची, ते आठवलं. मी बोटाला फडकं गुंडाळलं, हिने मागून धरलं, आणि आम्ही दोन वयस्कर माणसं न्हाणीघराच्या फरशीवर एका म्हाताऱ्या कुत्र्याशी झटलो. हळद त्याच्या तोंडात किती गेली ते सांगता येत नाही. बाकी सगळीकडे गेली. त्याची पांढरी हनुवटी पिवळी झाली आणि ती पिवळी हनुवटी त्याने घरभर पुसली. उशा पिवळ्या, पडदे पिवळे, हिचा चांगला पांढरा कोट खिशापर्यंत पिवळा. नंतर तो माझ्या खोलीत येऊन टेबलावर हनुवटी टेकून बसला, तिथे कवळ्यांचं काम वाळत ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडून मला काम येतं त्या दातांच्या डॉक्टरांचा फोन आला की या वेळचे सगळे पेशंट काविळीचे का दिसतात. मी म्हटलं, साथ आहे.

चौथा उपाय हिचा स्वतःचा. तिने म्हटलं, तुमच्या आत्याचं आता पुरे, मी बिस्किटं करते. कोथिंबीर, आलं आणि ओवा घालून तिने भाजलेली बिस्किटं केली, आणि खरं सांगतो, ताई, या घरात माझ्यासाठी इतकी खटपट कधी झालेली नाही. बिस्किटं बशीत निवत असताना ते दातांचे डॉक्टर पिवळ्या जबड्यांबद्दल समक्ष बोलायला आले. ही बाहेर गेली होती. मी चहा टाकला, आणि चहा घेऊन येईपर्यंत त्यांनी बशी अर्धी केली होती. आता काय सांगणार? कुत्र्यासाठी आहेत म्हणावं, तर पोटात गेलेली बाहेर येणार नाहीत आणि माझं काम मात्र जाईल. मी गप्प बसलो. जाताना काविळीचा विषय त्यांनी काढलाच नाही, उलट उरलेल्यांतली चार खिशात घातली. तेव्हापासून काम द्यायला ते स्वतः येतात आणि बशीकडे बघत बसतात. त्यांच्या तोंडाला आता फार छान वास येतो. बाकीची बिस्किटं आम्ही खजिनदाराला रोज एक देत होतो, तो ती अदबीने घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा, आणि परत येऊन माझ्या तोंडावर उसासा टाकायचा तेव्हा मला वाटायचं की आता मीच कुठल्या तरी संस्थेत नाव घालावं.

त्यात एक नवीनच संकट. निवृत्त न्यायाधीशबाईंची कवळी माझ्याकडे आहे. त्यांच्या चाव्याचं माप घेण्यासाठी मी गुलाबी मेणाची जाड पट्टी घडवून ठेवली होती. (जावईबापू, ती मेणाची पट्टी माणूस दातांनी किंवा हिरड्यांनी दाबतो, तिच्यात ठसा उमटतो, आणि त्यावरून वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो ते आम्हाला कळतं.) ती पट्टी टेबलावरून नाहीशी झाली. मी कपाटं, खोकी, कचऱ्याची बादली सगळं पालथं घातलं. न्यायाधीशबाई रोज फोन करून विचारतात, आणि त्या विचारतात तेव्हा न केलेले गुन्हेही कबूल करावेसे वाटतात. शेवटी मी नवीन पट्टी घडवली.

सारांश काय, ताई, मी हात टेकले. खजिनदाराच्या तोंडाला पाला, मूळ, साल, बी कशाचाही उपाय चाललेला नाही. हा वास औषधाने जाणारा नाही आणि मला वाटतं आता तो वयाबरोबर वाढेलच. जावईबापूंनी त्याला आपल्या घरात घेण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्यांच्या स्वच्छ घरात, त्यांच्या नव्या सोफ्याशेजारी हा कुत्रा एक संध्याकाळही टिकणार नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून लिहून देतो. त्याला संस्थेतही पाठवायला नको, तिथल्या इतर म्हाताऱ्यांनी कुणाचं काय घोडं मारलं आहे? तो इथेच राहील. आम्हाला सवय झाली आहे. माणसाला कशाचीही सवय होते, आणि झाली नाही तर खिडकी असतेच.

लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना पुन्हा नमस्कार, तुझ्या गुडघ्याला सांभाळ.

तुझा धाकटा आणि दमलेला
भाऊ

ता. क. बिस्किटांची कृती दातांच्या डॉक्टरांच्या पत्नीने मागितली आहे. ही म्हणते देऊ नका, मग ते येणार नाहीत. मी म्हणतो म्हणूनच द्यावी.

ता. क. मलमाचा डबा खोलीचं दार लावून उघड. पुन्हा लिहितो आहे, कारण तू पहिल्यांदा वाचलेलं विसरतेस.

(डब्याच्या झाकणात घडी करून ठेवलेला कागद)

ताई,

डब्यात मलम नाही हे दिसलंच असेल. आत्याचं मलम म्हटल्यावर जावईबापू डब्याच्या आसपास फिरकणार नाहीत, म्हणून ही युक्ती. कापसात गुंडाळलेली जी वस्तू आहे ती दाढ आहे. घाबरू नकोस. खाली बस आणि सावकाश वाच.

मोठ्या पत्रात लिहिलं आहे ते सगळं घडलं, फक्त न्यायाधीशबाईंच्या मेणाची गोष्ट मी अर्ध्यावर सोडली. नवीन पट्टी घडवल्यावर माझी पेन्सिल पडली आणि घरंगळत जुन्या लोखंडी कपाटाच्या मागे गेली. मी कपाट पुढे ओढलं. मागे खजिना होता. पुदिन्याच्या गोळ्या सगळ्या, सुकून टणक झालेल्या. बिस्किटं सगळी, एकावर एक. माझा मोजा, हिचं शिवणाचं अंगुस्तान, साबण, आणि तो गुलाबी मेणाचा तुकडा. बडीशेपेचं पाणी सोडलं, तर त्याने आपलं एकही औषध आपणहून पोटात घेतलेलं नव्हतं. आपण आत्याच्या गोळ्यांचं जे करायचो तेच तो करत होता, आणि मी, ज्याने हयातभर उशीचे अभ्रे भरले, मला हे सुचू नये! मी खाली बसून हसलो. मग मेणाची पट्टी हातात घेतली आणि हसू थांबलं.

ताई, ती त्याने तोंडात धरून नेली होती, आणि वाटेत दोनचारदा चांगली दाबली होती. मेणात ठसे उमटले होते. जिवंत तोंडातलं मला काही कळत नाही, पण ठसा वाचणं हे माझं पोट आहे. जवळजवळ सगळे ठसे उजव्या बाजूचे होते. डावीकडे एकच होता, अस्पष्ट, आणि त्यात वरच्या मोठ्या दाढेच्या जागी एक पाचर निघाल्यासारखी कड होती. दाढ उभी चिरलेली होती. तो कित्येक महिने डाव्या बाजूने चावतच नव्हता, आणि आम्ही त्याच बाजूला फडकं घालून हळद चोळत होतो. त्याने आम्हाला चावायला हवं होतं. त्याने तेवढं तोंड मिटून घेतलं.

मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुझं नको मला मोडता आलं नसतं. मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सांगितलं, दाढेखाली पू आहे, ती काढावी लागेल, भूल द्यावी लागेल, वय झालं आहे, पण हृदय चांगलं आहे. मी सही केली.

बाहेर बाकावर मी आणि ही बसलो. (ही, जी महिनाभर हा कुत्रा राहील नाहीतर मी म्हणत होती, ती घरातला चांगला टॉवेल घेऊन आली होती आणि तो मांडीवर धरून बसली होती.) त्या बाकावर मी तुला मनात एक पत्र लिहायला घेतलं, जे लिहावं लागेल की काय अशी भीती होती ते. तीर्थरूप ताईस, एवढंच लिहून व्हायचं आणि पुढचं वाक्य येईना. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तू त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसली होतीस तेव्हा मी तुझ्या शेजारी होतो, पण तुला आत काय होत होतं ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं. या वेळी कळलं.

मग आत बोलावलं. तो जीभ बाहेर टाकून पडला होता. बराच वेळ काही झालं नाही. ही त्याचे कान चोळत राहिली. आणि मग त्याने एक डोळा उघडला, मला बघितलं, दुसरा उघडला, मान उचलली, आणि समोर पडलेला कापसाचा बोळा तोंडात धरून तो कुठे लपवता येईल ते धडपडत शोधू लागला.

तो उठला, ताई. भूल दिली, आणि तो उठला. मला फक्त एवढंच तुला सांगायचं होतं, बाकीचं पत्र त्याच्याभोवती लिहिलं आहे. भावोजी उठले नाहीत, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण लोक उठतात. तुझ्या गुडघ्याचे डॉक्टर म्हणतात ते ऑपरेशन तू उगाच टाळू नकोस, याबद्दल आपण समक्ष भांडू.

वास गेला. अगदी गेला. तो माझ्या तोंडावर जांभई देतो आणि मी डोळे मिटून थांबतो, पण काहीच येत नाही. ही सवयीने खिडकी उघडायला जाते, मग आठवतं तशी परत येऊन बसते. कालपासून तो दोन्ही बाजूंनी चावतो आहे. हिच्या बिस्किटांतलं एक त्याने काल चक्क खाल्लं, ते बघून हिचे डोळे भरून आले.

आता न्यायाने त्याने तुझ्याकडे यायला हवं. जावईबापू शब्दाचे पक्के आहेत, ते घेतील. तू तिथे खरोखर मजेत असशील तर मला एवढंच लिही की मलम मिळालं, मी त्याला अंघोळ घालून स्वतः आणून सोडतो आणि मोठ्या पत्रातल्या खोटेपणाबद्दल जावईबापूंची माफी मागतो. पण तू तिथे सगळं छान आहे असं तीनदा लिहिलं आहेस. ताई, आत्याचा काढा पिऊन आपण बरं वाटतंय म्हणायचो, तेच हे अक्षर आहे. मी तुझ्या शेजारी बसून तो काढा प्यायलो आहे, मला तू फसवू नकोस. लेक चांगली आहे, जावईबापू चांगले आहेत, कुणाचं काही चुकत नाही, आणि तू गॅलरीच्या खोलीत आयता चहा हातात घेऊन बसली आहेस आणि तुला कुणाला दुखवायचं नाही.

म्हणून मोठं पत्र लिहिलं. ते जावईबापूंना पुन्हा एकदा वाचून दाखव. म्हण, वास जात नाही म्हणतो भाऊ, त्याला इथे आणता येत नाही, आणि एवढ्या वर्षांचा कुत्रा टाकवत नाही, तेव्हा मलाच त्याच्याकडे जावं लागणार. कुणाला वाईट वाटणार नाही, सगळा दोष कुत्र्याच्या तोंडाला जाईल, आणि त्याची काही हरकत नाही, मी विचारलं आहे. माझ्या कामाच्या खोलीवरची खोली रिकामी करून झाडली आहे. चहा तुझा तुलाच करावा लागेल, आणि आम्हा दोघांनाही द्यावा लागेल. न्यायाधीशबाईंचा फोनही तू घे, तुला कुणाची भीती वाटत नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. ही वाचते आहे आणि म्हणते, वन्संना लिहा की भांडायला घरात माणूस नाही, तुम्ही लगेच हो म्हणता.

ता. क. हातमोजा मिळाला नाही असं लिहिलं, तेही खोटं. तो कपाटामागे ढिगाच्या अगदी तळाशी होता, तुझा करड्या लोकरीचा, डाव्या हाताचा. बाकीचं सगळं त्याने मला काढून घेऊ दिलं, अगदी बिस्किटंसुद्धा. हातमोज्याला हात लावला तेव्हा मात्र तो माझ्यावर गुरगुरला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मी तो होता तिथे परत ठेवला आणि कपाट मागे ढकललं. तो पाठवत नाही. तुझा तूच येऊन माग.